नव्या गाण्याची वाट



वाट पाहणे ही गोष्ट दातिवऱ्याच्या माणसाला शिकवावी लागत नाही. वैतरणेच्या मुखाशी वसलेले हे गाव. खाडीच्या पलीकडे अर्नाळा. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, डोलीचे जाळे भरते. भांग आला की ओढ मंदावते, आणि माणसे जाळी दुरुस्त करीत बसतात. पावसाळ्यात जून-जुलै महिने होड्या किनाऱ्यावरच. समुद्राला कुणी घाई करीत नाही, कारण केली तरी तो ऐकत नाही. मला मात्र आज मासळीची वाट पाहण्याविषयी बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते गाण्याची वाट पाहण्याविषयी, आणि वाट पाहून झाल्यावर ते गाणे ऐकायचे कसे, याविषयी.

मी पालघरला महाविद्यालयात शिकवतो. २०२५ सालच्या दसरा-दिवाळीच्या सुमारास, दातिवऱ्याहून एसटीने सफाळ्याला आणि तिथून गाडीने पालघरला येणारा माझ्या वर्गातला एक मुलगा दिवस मोजीत होता. परीक्षेचे मोजीत असेल असे मला वाटले. चौकशी करता कळले की नॉर्वे देशातील एका वाद्यवृंदाची नवी ध्वनिमुद्रिका ऑक्टोबरअखेर निघायची आहे, आणि हा तिच्यासाठी थांबला आहे. बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नातला, लाल डगलेवाला बँड उभा राहतो. हा तसला नव्हे. ऑस्लो शहरात १९९६ साली स्थापन झालेल्या या मंडळीने आपले नाव ठेवले आहे ‘गॅझपाचो’, म्हणजे टोमॅटोचे स्पेनमधले एक थंड सार. आपल्याकडे एखाद्या भजनी मंडळाने ‘सोलकढी’ असे नाव घ्यावे, तसाच हा प्रकार!

“अरे, गाणं ऐकायला किती दिवस थांबलायस?” मी विचारले.

“पाच वर्षं, सर. आधीची २०२० ला आली होती.”

“एका गाण्यासाठी पाच वर्षं?”

“सर, गीतरामायणाचं तुम्हीच वर्गात सांगितलं होतंत ना? लोक आठवडाभर थांबायचे म्हणून?”

आता आठवडा कुठे आणि पाच वर्षे कुठे! पण प्रश्न खोटा नव्हता. नॉर्वे कुठे आणि दातिवरे कुठे, असेही कुणी म्हणेल. त्यालाही माझ्याजवळ उत्तर आहे. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटे आहेत. तिथे हिवाळा सरता सरता कॉड नावाचा मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगतात आणि थंड वाऱ्यावर सुकवतात. आपल्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात, त्यांचाच हा थोरला भाऊ. माणसे एकमेकांना वाटतात तितकी दूर नसतात.

या मंडळीच्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. विलायतेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार रुजला. त्याचे मूळ काही अंशी तबकडीतच आहे. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. आपल्या मोठमोठ्या गवयांनीही तेवढ्यात एक राग बसवून दाखवला, ही त्यांची करामत. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग तबकडी बाजारात आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. ऐसपैस जागा मिळाली की माणूस पाय पसरतो. पुढे काही तरुण वादकांनी ठरवले की तीन मिनिटांत मुखडा-अंतरा उरकून मोकळे व्हायचे नाही. एकच रचना वीस मिनिटे चालवायची, मध्येच लय बदलायची, गाणे थांबवून नुसती वाद्ये बोलू द्यायची.

हे ऐकून गावच्या भजनी मंडळातल्या बुवांना आश्चर्य वाटणार नाही. संथ लयीत उचललेला अभंग शेवटी टाळांच्या गजरात कुठे जाऊन पोहोचतो, हे त्यांना ठाऊक आहे. आणखी एक मौज सांगतो. पाश्चात्त्य लोकप्रिय गाणे बहुतेक वेळा चार-चार ठोक्यांनी चालते. या मंडळींनी पाच आणि सात ठोक्यांचे हिशेब आणले, तेव्हा तिकडे ते फार धाडसाचे ठरले. आपला तबलजी सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल रोज वाजवतो आणि मग घरी जाऊन जेवतो.

असो. सांगायचे ते हे की असले गाणे पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. गॅझपाचोची २००७ सालची ‘नाइट’ नावाची ध्वनिमुद्रिका म्हणजे पाच भागांतली एकच लांबलचक रचना आहे. २०२० सालच्या ध्वनिमुद्रिकेची सुरुवातच जवळजवळ वीस मिनिटांच्या गाण्याने होते. असल्या गाण्याचे शौकीन वाट पाहतात म्हणजे काय करतात? नव्याची तारीख जाहीर झाली की जुन्या साऱ्या ध्वनिमुद्रिका पहिल्यापासून क्रमाने ऐकायला घेतात. नाव कळले की नावावरून तर्क. वेष्टनावरचे चित्र दिसले की त्यावर वाद. या साऱ्या उचापतीत एक गोष्ट नकळत होते: कान तयार होतो. शेतकरी पावसाआधी जमीन भाजून, नांगरून ठेवतो. पाऊस काही त्यामुळे येत नाही, पण आला तर वाया जात नाही.

यांच्याच गोत्रातला मॅरिलियन नावाचा एक इंग्रज वाद्यवृंद आहे. २००१ सालच्या ध्वनिमुद्रिकेआधी त्यांनी सरळ आपल्या श्रोत्यांनाच विचारले की अजून एकही गाणे ध्वनिमुद्रित झालेले नाही, तरी आगाऊ पैसे द्याल का? बारा हजारांवर लोकांनी दिले. प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथ नोंदवणाऱ्या मराठी शिक्षकाला हा व्यवहार नवा नाही. पैसे पाठवायचे, पावती जपून ठेवायची आणि टपालवाल्याची वाट पाहायची!

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येतो, कारण ते या विलायती उदाहरणाहून मोठे आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवे गीत. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ते प्रथम लागे, आणि तेच शनिवारी आणि रविवारी सकाळी पुन्हा. आधी बावन्न आठवड्यांचा बेत होता. त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला, म्हणून गीतांची संख्या छप्पन्न झाली आणि मालिका १९ एप्रिल १९५६ पर्यंत चालली. गाण्याचे वेळापत्रक पंचांगाने ठरवावे, हे आपल्याच देशात घडू जाणे!

त्या वेळी घरोघरी रेडिओ नव्हता. ज्याच्या घरी असे त्याच्या ओटीवर शेजारीपाजारी जमत. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकत, असे वडीलधारी माणसे अजून सांगतात. श्रोत्यांच्या आग्रहावरून पुण्याची वृत्तपत्रे नव्या गीताचे शब्द छापू लागली. एवढे सगळे कशासाठी? कथा तर प्रत्येकाला पाठ होती. पुढे काय होणार याची उत्सुकता कुणालाच नव्हती. वनवास व्हायचा तो होणारच होता. उत्सुकता होती ती कसे होणार याची. या प्रसंगाला कोणता राग, कोणता आवाज? माणिक वर्मा गातील, की वसंतराव देशपांडे, की ललिता फडके? शेवट ठाऊक असलेल्या कथेची वाट पाहायला लावणे हे कवीचे आणि संगीतकाराचे खरे सामर्थ्य, असे मी समजतो.

पण त्याहून माझे लक्ष जाते ते त्या शुक्रवार, शनिवार, रविवारकडे. एकच गीत तीनदा. आजच्या भाषेत ते निव्वळ पुनःप्रसारण. मला ती श्रोत्याची शाळाच वाटते. पहिल्या दिवशी माणूस शब्दांमागे धावतो. दुसऱ्या दिवशी चाल कानात बसते. तिसऱ्या दिवशी शब्द चालीवर कसा बसवला आहे, कुठे थांबवला आहे, हे उमगते. नावडले, असे शुक्रवारीच म्हणणाऱ्याला मत बदलायला दोन दिवसांची सवड मिळे. नंतर चार दिवस कोरे. त्या कोऱ्या दिवसांत गीत मनात फिरत राही, बायकांच्या तोंडी जाई, शाळेतल्या मुलांच्या तोंडी जाई. आणि मगच पुढचे.

आमच्या लहानपणी, १९९० च्या आसपास, रेडिओची ही जागा कॅसेटने घेतली होती. कोळीगीतांची नवी कॅसेट होळीच्या तोंडावर यायची. बाजारातल्या दुकानात “आली का हो?” म्हणून विचारायला आम्ही पोरे दर दोन दिवसांनी जायचो, आणि दुकानदार मान हलवायचा. आली की एका घरात एक, आणि वाडीत सगळ्यांची. माझी ताई वही घेऊन बसे. एक ओळ वाजवायची, थांबवायची, लिहायची. ऐकू आले नाही तर मागे फिरवायची. फीत बाहेर आली तर पेन्सिल घालून गुंडाळायची. एक गाणे उतरवायला दुपार जाई. तिला ती गाणी आजही पाठ आहेत. मला नाहीत, कारण मी नुसता ऐकत होतो.

आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत तारप्याची रीत पाहा. सुकवलेला दुधी, बांबू, ताडाचे पान यांतून हे वाद्य तयार होते. भाताचे नवे पीक हाती आले की तारपा घुमू लागतो आणि त्याभोवती नाच फेर धरतो. हंगामाआधी वाजवून दाखवा म्हटले तर जाणता माणूस हसून नाही म्हणेल. त्याची चाल शेकडो वेळा ऐकलेली असते, तरी दरवर्षी तिची वाट पाहिली जाते. नवेपणा नेहमी चालीतच असतो असे नाही. तो ऐकणाऱ्याच्या उपाशी कानातही असतो.

वाट पाहण्यात एक खोटही आहे, तीही सांगितली पाहिजे. फार वाट पाहिली की माणूस मनातल्या मनात नवे गाणे स्वतःच रचून ठेवतो, आणि प्रत्यक्ष गाणे तसे निघाले नाही की रुसतो. आवडत्या गवयाने नवे काही करावे आणि ते हुबेहूब जुन्यासारखे असावे, अशी दुहेरी मागणी रसिक मंडळी करीत असतात. बिचाऱ्याने तेच केले तर “संपला” म्हणायचे, वेगळे केले तर “बिघडला” म्हणायचे. नॉर्वेतल्या वाद्यवृंदांच्या शौकिनांत हा तंटा आहे, आपल्या नाट्यसंगीताच्या बैठकीतही होता, आणि आमच्या वाडीत कोळीगीतांवरूनही होई. मला वाटते, ज्याने पाच वर्षे वाट पाहिली त्याने पाच दिवस निवाडा रोखून धरायला हरकत नसावी. ध्वनिमुद्रिका आली त्याच रात्री मत देणारा माणूस गाणे ऐकत नसतो, आपल्या अपेक्षेचा हिशेब करीत असतो.

हे मी त्या मुलालाही सांगितले. नवी ध्वनिमुद्रिका निघाल्यावर तो चार दिवस काही बोललाच नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, “सर, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं. आता त्यातली दोन गाणी डोक्यातून जात नाहीत.” मला हा अभिप्राय पुष्कळ छापील परीक्षणांपेक्षा भरवशाचा वाटला.

आता सारा दोष मोबाइलवर टाकण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. दातिवऱ्याच्या मुलापर्यंत नॉर्वेचे संगीत पोहोचले ते त्याच मोबाइलने. पूर्वी तसली तबकडी मुंबईच्या एखाद्या मोठ्या दुकानातही क्वचित मिळाली असती, आणि मिळती तरी मच्छीमाराच्या घरी ती कशावर वाजवणार? अडचण निराळी आहे. हवे ते हवे तेव्हा मिळते, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात मन धरले नाही की बोट पुढे सरकते. विलंबित ख्याल अर्ध्या मिनिटात मन धरीत नाही. अभंगही धरीत नाही. वीस मिनिटांचे ते नॉर्वेचे गाणे तर अर्ध्या मिनिटात धड सुरूसुद्धा झालेले नसते. म्हणजे सोय वाढली, आणि सोयीच्या बाहेरचे सारे संगीत नव्या पिढीला ऐकूच येईनासे झाले, असे होण्याचे भय आहे. हे भय मला माझ्या वर्गात रोज दिसते.

शिक्षक बंधुभगिनींपुढे एक लहानसा प्रयोग ठेवतो. त्याला पैसे लागत नाहीत, वरून परिपत्रक यावे लागत नाही. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटची दहा मिनिटे काढावीत. कोणतेही एक गाणे निवडावे. आपल्या गावच्या भजनी मंडळाचे असो, तारप्याचे असो, नाहीतर परदेशचे. कोणते लावणार ते आदल्या शनिवारी नुसते नाव घेऊन सांगावे, आणि आठवडाभर मुलांनी विचारले तरी वाजवू नये. पहिल्या शनिवारी काही मुले “बोअर झालं, गुरुजी” म्हणतील. म्हणू द्यावे. दुसऱ्या शनिवारी तेच गाणे लावावे आणि वाद्ये किती ऐकू आली एवढेच विचारावे. कुणी दोन म्हणेल, कुणी चार, आणि त्यावरून भांडण होईल. तिसऱ्या शनिवारी ते भांडण मिटवण्यासाठी मुले स्वतःच म्हणतील, “गुरुजी, पुन्हा लावा.”