चौकात काय उभे राहावे?

(शहराला लागून असलेल्या एका गावी, साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या दिवशी केलेले भाषण)



आजचा दिवस तुमचा आहे. तुम्ही वाचायला शिकलात, सही करायला शिकलात. मला चार शब्द बोला असे सांगितले आहे. पण नुसते अभिनंदन करून मी खाली बसणार नाही. तुमच्यासाठी एक काम घेऊन आलो आहे.

आपले गाव आता शहराला चिकटले आहे. पूर्वी आपण शहराला जात होतो. आता शहरच चालत आपल्या वेशीपर्यंत आले. रस्ते रुंद झाले. नवे चौक झाले. चौक झाला की कुणीतरी म्हणते, "इथं काहीतरी शोभेचं बसवा." मग एक दिवस ट्रक येतो आणि सिमेंटचा मोर उतरतो. दोन दिवस लोक बघतात. तिसऱ्या दिवशी त्याच्या मानेला जाहिरातीचा फलक बांधतात. पुढे चोच तुटते. तुटक्या चोचीचा मोर तसाच वर्षानुवर्षे उभा राहतो.

मंडळी, असे का होते? मोर वाईट असतो म्हणून नव्हे. तो कुणी मागितलेलाच नसतो, म्हणून. आपल्या नव्या चौकात काय व्हावे हे अजून ठरलेले नाही. तेव्हा बोलायची वेळ आताच आहे.

काही जण म्हणतील, "गुरुजी, कला-बिला शहरातल्या लोकांची. आपला काय संबंध?" असे म्हणू नका. जुन्या देवळांच्या बाहेर उभे दगड असतात, ते पाहिलेत का? त्यांना वीरगळ म्हणतात. गावासाठी, गाईगुरांसाठी लढताना जो पडला, त्याच्या आठवणीचा तो दगड. खालच्या चौकटीत लढाई. मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शंकराची पिंडी आणि तिची पूजा करणारा वीर. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. म्हणजे काय, तर चंद्रसूर्य असेपर्यंत ही आठवण राहो. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही हा दगड वाचता येत होता. ही गावाने सर्वांसाठी केलेली कलाच नव्हे का? आज त्याच दगडावर कुठे कुठे लोक कपडे धुतात. कारण तो दगड काय सांगतो, हे आपण विसरलो.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. मी मुख्याध्यापक असताना शाळेची गल्लीकडची भिंत रंगवून घेतली. शहरातून चित्रकार आणला. विषय मी ठरवला, रंग मी ठरवले. गावात कुणालाही विचारले नाही. त्या भिंतीवर बायका गोवऱ्या थापत असत. त्यांना सक्त मनाई केली. चित्र छान झाले. पण भिंतीत ओल होती, वरची पन्हळ फुटलेली होती. पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पोपडे पडले. गावात कुणालाही त्याचे वाईट वाटले नाही. मला मात्र त्याचेच जास्त वाईट वाटले. एक आजीबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या गोवऱ्या गेल्या अन् तुमचं चित्रबी गेलं."

दुसऱ्या वर्षी मी आधी पन्हळ दुरुस्त केली. मग बायकांना बोलावले आणि गोवऱ्यांसाठी दुसरी जागा दिली. भिंतीवर काय काढावे ते विचारले. त्याच आजीबाई म्हणाल्या, "आमची मोट काढा. आताच्या पोरांनी ती बघितली नाही." मग विहीर, मोट आणि बैलजोडी काढली. मुलांनी आणि बायकांनी रंग भरले. चित्र पहिल्याइतके सुबक नव्हते. पण दिवाळीपूर्वी त्या भिंतीची डागडुजी करायला मला कुणाला सांगावे लागत नसे.

हे एका भिंतीचे झाले. गावाच्या गावाने हे कसे करावे, याचा एक दाखला देतो. तो विलायतेतला आहे, पण आपल्या उपयोगाचा आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नावाची नदी आहे. नदीच्या एका काठाला न्यूकॅसल हे मोठे शहर आणि दुसऱ्या काठाला गेट्सहेड. गेट्सहेडला कोळशाच्या खाणी आणि कारखाने होते. पुढे खाणी बंद पडल्या. हातचे काम गेले. मोठ्या शहराच्या सावलीत गाव झाकून गेले. तेव्हा तिथल्या नगरपरिषदेने ठरवले की, गावात ठिकठिकाणी शिल्पे करवून घ्यायची. १९८० नंतरच्या वर्षांत हे काम सुरू झाले. पण सुरुवात मोठ्या मूर्तीने केली नाही. आधी लहान लहान कामे केली. लोकांच्या नजरेला सवय होऊ दिली. मग मोठे काम हाती घेतले.

ते काम अँटनी गॉर्म्ली या शिल्पकाराला दिले. त्याने पंख पसरलेल्या देवदूताची पोलादी मूर्ती सुचवली. उंची २० मीटर, म्हणजे सुमारे ६५ फूट. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ५४ मीटर. चार-पाच एस. टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर तेवढी लांबी होईल. वजन २०० टन.

लोक खूश झाले असतील, असे वाटते ना? मुळीच नाही. लोक रागावले. वर्तमानपत्रांतून टीका झाली. एवढा पैसा लोखंडावर कशाला? मोटार चालवणाऱ्यांचे लक्ष जाऊन अपघात होतील, त्याचे काय? हे सगळे प्रश्न रास्तच होते. प्रश्न विचारणारा माणूस गावाचा वैरी नसतो.

मग १९९६ साली याच शिल्पकाराचे दुसरे एक काम गेट्सहेडला आणून दाखवले. रेल्वेच्या जुन्या कारखान्यात हजारो छोट्या मातीच्या आकृत्या मांडल्या. आकृती एवढीशी, हातात मावेल अशी. तिला डोळ्यांची फक्त दोन भोके. त्या आकृत्या दुसऱ्या एका गावच्या साध्या माणसांनी आणि शाळेच्या मुलांनी केल्या होत्या. लोक झुंडीने पाहायला आले. हा कारागीर कोण आहे, काय करतो, ते त्यांना कळले.

देवदूताची जागाही विचार करून निवडली होती. तिथे पूर्वी कोळशाची खाण होती. खाणकामगार वर येऊन जिथे अंघोळ करीत, ती ही जागा. जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या माणसे अंधारात राबली. त्यांच्या जागेवर, उजेडात, हे पंख उभे राहणार होते. पण खाली जुन्या खाणी, म्हणजे जमीन पोकळ. म्हणून खांब २० मीटर खोल, थेट खडकापर्यंत नेले. ताशी १६० किलोमीटरचा वारा सोसेल असे गणित केले. पोलादही असे घेतले की त्यावर तांबूस गंज चढतो आणि तो गंजच आतल्या धातूचे रक्षण करतो. रंग लावायची कटकट नाही. खर्च आठ लाख पौंड झाला. बराचसा पैसा सरकारी लॉटरीच्या निधीतून आला.

फेब्रुवारी १९९८ मध्ये मूर्ती उभी राहिली. त्याच वर्षी काही पोरांनी तिच्या अंगावर आपल्या आवडत्या फुटबॉल खेळाडूचा भला मोठा सदरा चढवला. मला वाटते, त्या दिवशी ती मूर्ती खरी गावाची झाली. आज गेट्सहेडचे नाव काढले की लोकांना आधी तोच देवदूत आठवतो.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. सातारा जिल्ह्यात पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार हे गाव आहे. २०१७ साली ते पुस्तकांचे गाव झाले. गावकऱ्यांनी पुस्तकांसाठी आपल्या घरांतल्या खोल्या दिल्या. चित्रकारांनी येऊन भिंती रंगवल्या. ज्याच्या घरात पुस्तके, त्याचा दरवाजा वाचकाला उघडा. काम सरकारने मनावर घेतले, पण घर गावाने दिले. म्हणून ते गावाचे झाले.

मग आपण काय करावे? नीट ऐका.

पहिले, विचारा. वाडीवाडीवर बसा. काय आठवणीत राहावे, ते म्हाताऱ्यांना, बायकांना, पोरांना विचारा. नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडांनाही विचारा. गाव आता त्यांचेही आहे.

दुसरे, जागा पाहा. माणूस जिथे थांबतो, बसतो, तिथे काम करा. एस. टी.चा थांबा, बाजाराचा पार, शाळेची भिंत. खाली पाण्याचा नळ आहे का, वर विजेच्या तारा आहेत का, ते आधी तपासा. जाणाऱ्या गाडीचा रस्ता झाकता कामा नये.

तिसरे, पैसा. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने १९५९ साली नियम केला. सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातला शंभरातला एक भाग कलेसाठी ठेवायचा. शंभर रुपयांचे बांधकाम, तर एक रुपया कलेला. भाग लहान, पण ठरलेला. आपणही असा भाग मागू शकतो. आणि सगळा पैसा पहिल्याच वर्षी उडवू नये. डागडुजीचा वेगळा काढून ठेवावा.

चौथे, नमुना मागा. काम ठरवण्यापूर्वी लहान नमुना करून चौकात आठ दिवस ठेवा. लोकांना बोलू द्या. समितीत अधिकारी असावेत, इंजिनिअर असावा, कलावंत असावा, आणि गावातली माणसे असावीत. त्यांत बायका हव्यातच.

पाचवे, राखणार कोण, ते कागदावर लिहून घ्या. "सर्वांनी राखावे" असे लिहिले की कुणीच राखत नाही.

एक गोष्ट वेगळी आहे. थोर पुरुषांचा पुतळा बसवायचा तर सरकारचे नियम आहेत, परवानगी लागते. घाईने रातोरात पुतळा बसवून त्या थोर माणसाचा मान वाढत नाही.

आता मघाशी म्हटले ते काम. ग्रामपंचायत असो की नगरपालिका, कार्यालयाच्या फळ्यावर नोटिसा लागतात. त्यांत शेवटी लिहिलेले असते, "सूचना व हरकती कळवाव्यात." आजवर आपण त्या फळ्यासमोरून नुसते जात होतो. ती नोटीस दुसऱ्यांनी वाचली, दुसऱ्यांनीच ठरवले, आणि मोर आपल्या चौकात आला. आता तुम्हाला वाचता येते. उद्या येता-जाता त्या फळ्यासमोर थांबा. नोटीस वाचा. अवघड शब्द आला तर शेजारच्याला विचारा. मग चार ओळींचा अर्ज लिहा. "आमच्या चौकात काय व्हावे, हे आम्हाला विचारावे." अक्षर वाकडे आले तरी चालेल. खाली सही करा, तारीख घाला आणि पोच घ्या.

मी माझा अर्ज लिहून आणला आहे. त्यावर एकच सही आहे. खाली जागा पुष्कळ सोडली आहे.