जुनी स्मरणिका कोणाची?
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



गणरायाला वंदन करून आम्ही आधी एक चूक कबूल करतो आणि मग विषयाकडे वळतो.

मंडळाच्या जुन्या स्मरणिका कपाटात पिवळ्या पडत चालल्या होत्या, काहींना कसर लागली होती. त्या स्कॅन करून सभासदांच्या मोबाईलवर पाठवायचे आम्ही ठरवले. पहिला लेख पाठवला तो जुन्या बडोद्यातल्या वाड्यांवरचा. सगळ्यांना फार आवडला. पण पान कापताना वरचे लेखकाचे नाव निघून गेले. दोन दिवसांनी एक ताई मंडळात आल्या. म्हणाल्या, "हा माझ्या बाबांचा लेख. लोक मलाच तो पाठवताहेत, आणि त्यावर बाबांचं नाव नाही." आम्हांला काय बोलावे ते सुचेना.

आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत आलो. कायदा म्हणजे परिपत्रके, एवढीच आमची ओळख. म्हणून कायदा शिकणाऱ्या आपल्याच एका सभासदाच्या मुलीला विचारले. तिने १९५७ चा कॉपीराइट कायदा समोर ठेवला आणि आमचे डोळे उघडले.

आम्ही समजत होतो की छपाईचा खर्च मंडळाने केला, म्हणून लेख मंडळाचा. तसे नाही. पगारी नोकर म्हणून लिहिले नसेल आणि हक्क लेखी दिले नसतील, तर लेख लिहिणाऱ्याचाच राहतो. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. लेखक गेल्यावर हक्क वारसांकडे जातो आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा ती वाढवली गेली.

उदाहरणे घ्या. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांना खुले झाले. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० अखेरपर्यंत.

आपल्या नाटकवाल्यांसाठी एक दिलासा आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला, तर कायदा सवलत देतो. तिकीट लावले तर परवानगी घ्यावी. प्रयोगाचे चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणे ही मात्र वेगळी गोष्ट. प्रयोगाची सवलत तिथे पुरत नाही.

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर कलम ५७ मध्ये आहे. हक्क विकला तरी आपले नाव लावून घेण्याचा आणि मजकुराची मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. सरकारी फाईलवर सही कोणाची हे आम्ही रोज दहा वेळा तपासतो. इथे नेमके तेच विसरलो. ताईंची आम्ही घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी वडिलांचे आणखी चार लेख काढून दिले, संमतीच्या सहीसकट.

आता ठरले ते असे. लेखकाची किंवा वारसांची लेखी संमती मिळाल्याशिवाय मुदतीतला कोणताही लेख मोबाईलवर जाणार नाही. प्रत्येक पानावर लेखकाचे नाव राहील. ज्यांच्या घरच्यांचा पत्ता लागणार नाही, त्यांचे लेख मंडळात येऊन वाचता येतील. संमतीचे कागद बाहेर प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. आजोबा, आजी, काका, मावशी, कोणी या स्मरणिकेत लिहिले असेल तर घरी आठवून पाहा.

कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही विनंती. हे सारे आम्हांला तोंडी सांगितलेत, आता मराठीत लिहून द्या. पुढच्या स्मरणिकेत दोन पाने तुमच्यासाठी राखून ठेवतो. आणि वर तुमचे नाव नक्की असेल.

गणपती बाप्पा मोरया!