वर गुरुत्वाकर्षण नाही, मग उपग्रह निघून का जात नाही?

(युवा अभ्यासवर्गातील भाषण)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझी भाची सहावीत होती तेव्हाची गोष्ट. टीव्हीवर अवकाश स्थानकातले अंतराळवीर तरंगताना दिसत होते. मी इंजिनिअरच्या थाटात सांगितलं, "वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून ते तरंगतात." तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मामू, वर गुरुत्वाकर्षण नाही, मग ते स्थानक पृथ्वीभोवती का फिरतं? सरळ निघून का जात नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "मोठी झालीस की कळेल." ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला आजही टोचतं, कारण तिचा प्रश्न बरोबर होता आणि चूक माझी होती. गुरुत्वाकर्षणावर परीक्षेत मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, पण त्या सूत्रात आकडे घालून हे कधी तपासलंच नव्हतं.

आज आपण ते तपासू. कागद-पेन असेल तर काढा, मोबाइलचा कॅल्क्युलेटर चालेल.

वस्तू पृथ्वीच्या केंद्रापासून जितकी लांब, तितकी तिच्यावरची ओढ कमी होते, आणि ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अंतर जमिनीपासून नाही, केंद्रापासून मोजायचं. पृथ्वीची त्रिज्या सुमारे 6,371 किलोमीटर. अवकाश स्थानक साधारण 400 किलोमीटर उंचीवर, म्हणजे केंद्रापासून 6,771 किलोमीटरवर. आपल्याला 400 हा आकडा फार मोठा वाटतो, पण केंद्रापासूनचं अंतर जेमतेम सहा टक्क्यांनी वाढलं. 6,371 भागिले 6,771, त्याचा वर्ग, गुणिले 9.8. उत्तर येतं साधारण 8.7. जमिनीवर 9.8, तिथे 8.7. म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के गुरुत्वाकर्षण तिथेही आहे!

मग ते तरंगतात कसे? उरुसात मोठ्या पाळण्यात बसला असाल. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, क्षणभर आपण सीटवरून उचललो गेल्यासारखं वाटतं. त्या क्षणी गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं. आपण आणि सीट, दोघंही एकत्र खाली येत असतो, म्हणून सीटचा आधार कमी जाणवतो. अंतराळवीर आणि त्यांचं स्थानक असेच एकत्र, चोवीस तास पडत असतात.

चोवीस तास पडतात, तर जमिनीवर का आदळत नाहीत? जंजिऱ्याची कलालबांगडी तोफ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. समजा, ती एका अतिशय उंच डोंगरावर ठेवली आहे आणि हवेचा अडथळा अजिबात नाही. गोळा आडवा सुटतो. पहिल्या सेकंदात तो 4.9 मीटर खाली येतो. वेग कितीही असो, हा आकडा बदलत नाही. पण पृथ्वी गोल आहे. साधारण 7.9 किलोमीटर पुढे गेलं की तिचा पृष्ठभागही 4.9 मीटर खाली वळलेला असतो. म्हणजे गोळा सेकंदाला 7.9 किलोमीटर वेगाने सुटला, तर तो जितका पडेल तितकीच जमीनही खाली सरकलेली असेल. गोळा पडत राहतो, जमीन काही लागत नाही. यालाच कक्षा म्हणतात. तोफेचं हे कल्पनाचित्र न्यूटनचं.

400 किलोमीटरवर हा वेग सेकंदाला साधारण 7.7 किलोमीटर येतो. मुंबई ते पुणे, वीस सेकंदांच्या आत. एक फेरी सुमारे 92 मिनिटांत पूर्ण होते. म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या प्रश्नातच होतं. गुरुत्वाकर्षण आहे, म्हणूनच स्थानक निघून जात नाही.

यातून आणखी एक गोष्ट कळते. अवकाशात पोचणं त्या मानाने सोपं, तिथे टिकणं अवघड. 400 किलोमीटर उंची गाठायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे आठपट हा आडवा वेग मिळवायला लागते. वेग कमी पडला की पडण्याची वाट जमिनीला मिळते. 10 ऑगस्ट 1979 रोजी आपलं एसएलव्ही-3 रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि ते बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्प संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्यांच्या टीमने बिघाड शोधला, दुरुस्त केला आणि 18 जुलै 1980 रोजी त्याच बनावटीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. कलामसाहेबांचे फोटो आपण भिंतीवर लावतो. त्या अकरा महिन्यांत चूक कशी तपासली गेली, हे मात्र मुलांना क्वचितच सांगतो.

आता आपला सर्वांत जुना उपग्रह, चांद. तो पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट अंतरावर आहे. साठाचा वर्ग 3,600. 4.9 मीटरला 3,600 ने भागा, येतात सुमारे 1.4 मिलिमीटर. चंद्र दर सेकंदाला तेवढाच आपल्याकडे पडतो. फांदीवरच्या फळाला आणि चंद्राला नियम एकच.

म्हणूनच अमावास्येचा क्षण कित्येक वर्षं आधी, मिनिटापर्यंत सांगता येतो. चंद्रकोर डोळ्यांना दिसेल का, हा मात्र वेगळा प्रश्न. त्यात चंद्राचं सूर्यापासूनचं अंतर, क्षितिजावरची उंची, ढग, धूळ असं सगळं येतं. ईदचा निर्णय कसा घ्यायचा, ते इथे मी सांगणार नाही. पण एखाद्या गावी त्या संध्याकाळी चंद्र सूर्याच्या आधीच मावळत असेल, तर तिथे चांद दिसल्याचा मेसेज पुढे पाठवण्यापूर्वी आपण थांबायला हवं, एवढं नक्की म्हणेन.

अकराव्या शतकात अल-बिरुनीने नंदनाच्या किल्ल्याजवळ डोंगराची उंची आणि क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. ती जागा आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. आपण त्याचं नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. पण तो मोठा ठरला तो स्वतः मोजलं म्हणून. आपण मोजतो का?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि शेवटचा अवकाश मोहिमांचा. आज केलेली जवळजवळ सगळी गणितं त्यांच्या आधाराने होतात. शाळा मराठी, उर्दू, कुठलीही असो. घरी जा आणि लहान भावंडांसोबत ही गणितं पुन्हा करा. माझा एखादा आकडा चुकला असेल तर कळवा, मला आनंद होईल.

आणि घरातल्या कुणी अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला, तर "मोठी झालीस की कळेल" म्हणू नका. "मलाही माहीत नाही, चल, बघू" म्हणा. मी भाचीला हे म्हणालो, पण चार वर्षं उशिराने. तोवर तिने उत्तर स्वतःच शोधलं होतं. आता ती मला शिकवते.