संगणकावरील युद्धखेळांची ओढ



फाटकसभांत घसा बसवून घेतलेल्या माणसाने संगणकावरील खेळांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमच्या युनियनच्या कचेरीत तरुण पोरे संध्याकाळी असा एक खेळ मांडून बसत. रागे भरावे म्हणून आम्ही त्यांच्या मागे जाऊन उभे राहिलो, आणि रात्री दहापर्यंत उभेच राहिलो! ही ओढ कशाची, याचा आज विचार करू.

बुद्धिबळात एकाची चाल झाल्यावाचून दुसऱ्याची होत नाही. या खेळांत पाळी नाही. सर्वांची कामे एकाच वेळी चालतात. वेळ कोणासाठी खोळंबत नाही. १९९२ सालच्या 'ड्यून २' या खेळाने ही जात रूढ केली. पुढे १९९७ साली क्रिस टेलर यांच्या कल्पनेतून 'टोटल अ‍ॅनिहिलेशन' निघाला आणि २००७ साली त्यांचाच 'सुप्रीम कमांडर'. या दोहोंत पसारा शेकडो यंत्रांपर्यंत जातो.

आरंभी खेळाडूपाशी एकच यंत्र असते, ते म्हणजे सेनापती. पण हा सेनापती आधी गवंडीकाम करतो! खाण, वीज, कारखाना, सारे त्यालाच उभारावे लागते. कच्चा माल आणि वीज काम चालेल तसतशी खर्ची पडत जाते. आवक थोडी आणि कामे फार काढली, की सगळीच कामे रेंगाळतात. ज्याने महिन्याच्या पगारात घर चालवले आहे, त्याला हे समजावून सांगावयास नको. लढाई पुष्कळदा आघाडीवर नव्हे, मागच्या कारखान्यांत जिंकली जाते. आम्हां कामगारांस ही गोष्ट फार पटली.

दुसरी ओढ नजरेची. 'सुप्रीम कमांडर'मध्ये माऊसचे चाक फिरवले की नजर वर वर जाते आणि सगळा मुलूख पडद्यावर मावतो. यंत्रे दिसेनाशी होतात; उरतात त्यांच्या खुणा. दहा हुकूम एकामागे एक लावून ठेवावेत, ते निमूट पाळले जातात. दिवसभर दुसऱ्याचे हुकूम झेलणाऱ्या पोराला घटकाभर सारे दिसावे आणि आपले ऐकले जावे, हे सुख गोड लागले तर त्यात नवल ते काय?

पण त्या खुणा पाहताना आमच्या छातीत धस्स झाले. एका संपात आम्हीही भिंतीवर नकाशा लावून फाटकाफाटकावर टाचण्या टोचल्या होत्या. एका रात्री आम्ही एक टाचणी उचलून दुसऱ्या फाटकावर लावली. म्हणजे रात्रपाळीचा पहारा केलेल्या माणसांना पुन्हा पहाऱ्यावर धाडले. सकाळी त्यांतल्या एकाची बायको दारात उभी. म्हणाली, "दादा, वाण्यानं उधारी बंद केली. हे दोन दिवस जेवले नाहीत. तुम्ही विचारलंत का?" आम्ही विचारले नव्हते. आमचा नकाशा अगदी बरोबर होता.

खेळातल्या यंत्राला पोट नाही. तेथे वरून पाहण्यात पाप नाही. म्हणून त्या पोरांना आम्ही खेळू नका असे म्हटले नाही. एवढेच सांगितले की, बाबांनो, ते चाक उलटेही फिरते. एकेका यंत्रापाशी पुन्हा खाली उतरता येते. उद्या तुम्ही युनियन चालवाल, तेव्हा ते फिरवण्यास विसरू नका. आम्ही विसरलो होतो.