भूगर्भातील कोमट धन

घमापूर ही जबलपूर शहरातील एक जुनी, गजबजलेली वस्ती. तेथे राहणारा मनुष्य आपल्या पायाखालच्या भूमीचा विचार क्वचितच करीत असेल. परंतु भूशास्त्रज्ञांनी गोंडवन खडकांच्या एका थराला याच शहराचे नाव दिले आहे. नर्मदा आणि शोण यांच्या या पट्ट्यात प्राचीन नद्यांनी वाळू, गाळ व वनस्पती यांचे थरावर थर साठविले आणि पुढे लांबच लांब भेगांनी ते छेदले गेले.

भूपृष्ठाखाली एक किलोमीटर उतरले, की उष्णता साधारणतः २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तापते, हलके होते व दुसऱ्या वाटेने वर येते. उष्णोदकाला ज्वालामुखीच लागतो, ही समजूत खरी नव्हे. जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, पिपरियाजवळचे अनहोनी ही याच पट्ट्यातील झऱ्यांची उदाहरणे होत.

या सर्वांत विशेष म्हणजे जबलपूरच्या पूर्वेस, आजच्या छत्तीसगडातील बलरामपूर जिल्ह्यातले तातापानी. गोंडवन थर आणि त्याहून प्राचीन, कठीण खडक यांच्या सीमेवरील भेगेतून तेथे वाफाळते पाणी उसळते. मकरसंक्रांतीला तेथे जत्रा भरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेथे विंधनविहिरी घेतल्या. सुमारे ३५० मीटर खोलीपर्यंतच्या या विहिरींतून जवळजवळ १०० अंशांचे पाणी आपोआप वर आले.

त्यापासून वीज करण्याचा मोह साहजिक आहे. पण इतक्या मंद उष्णतेतून फार तर दहावा हिस्साच विजेत उतरतो. उष्णता उष्णता म्हणूनच वापरावी, हे अधिक शहाणपणाचे. धान्य, मोहाची फुले वा रेशमाचे कोश सुकविण्यास ६०-७० अंश पुष्कळ झाले. आणि नवल असे, की याच उष्णतेवर शीतगृहही चालते. हिमाचलातील मणिकर्ण येथे तसा प्रयोग झाला. लडाखच्या पुगा खोऱ्यात टाकणखार शुद्ध करण्याचाही झाला.

मात्र हे पाणी निरुपद्रवी नसते. तातापानीच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. ते वापरून शेतात किंवा ओढ्यात सोडून दिले, तर गावाच्या दातांना आणि हाडांना त्याची किंमत मोजावी लागेल. पॅरिसच्या गाळखोऱ्यात, मेलून येथे, १९६९ साली यावर तोड निघाली. एका विहिरीतून गरम पाणी उपसावयाचे, त्याच्या उबेने घरे तापवावयाची आणि निवलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून त्याच चुनखडकात परत सोडावयाचे.