बॅटआधी कंबर



जूनच्या मध्यावर मावळात पाऊस धरतो आणि लोणावळ्याकडची मैदानं पुढचे चार महिने खेळायच्या कामाची राहत नाहीत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सॉफ्टबॉलसाठी ज्या जळगावचं नाव राज्यभर घेतलं जातं, तिथे त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही पडत नाही. शालेय स्पर्धा मात्र सगळ्यांना सारख्याच, आणि जिल्ह्याचे सामने पाऊस पुरता ओसरायच्या आतच लागतात. मग सॉफ्टबॉल खेळणाऱ्या आपल्या मुलींनी जुलै-ऑगस्टमध्ये करायचं काय? माझं उत्तर असं आहे की शाळेचा व्हरांडा, एक भिंत, एक बॅट आणि सायकलची जुनी ट्यूब एवढ्यावर बॅटिंग सुधारता येते. कारण सॉफ्टबॉलमधला फटका कमरेत तयार होतो, आणि कंबर शिकवायला मैदान लागत नाही.

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे १३.११ मीटरवरून, हात खालून फिरवून चेंडू टाकते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटपाशी येतो. शाळेच्या पातळीवर वेग कमी असतो, पण सवड तिथेही फार नसते. तेवढ्यात हातांच्या जोरावर बॅट ओढून आणायला गेलं की उशीर होतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीचा चेंडू मग उजवीकडे निर्जीवपणे उडतो आणि झेल जातो. तिला वाटतं, दंडात ताकद कमी आहे. तिचे सरही पुष्कळदा तेच सांगतात, आणि मुलगी जोर काढण्याच्या नादात आणखी उशिरा पोहोचते.

यात आपल्या टेनिस बॉल क्रिकेटचाही हात आहे. मावळात गावोगाव ते चालतं, आणि मुलींच्या हातात पहिली बॅट त्याच खेळाची येते. तिथे सरळ बॅटने खेळताना डावा खांदा गोलंदाजाकडे धरून ठेवायची सवय लागते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू बॅटला लागतो त्या क्षणी बेंबी थेट पिचरकडे पाहत असायला हवी. पुढचा पाय टेकला की कंबर फिरायला लागते. खांदे आणि हात तेव्हा अजून मागेच असतात. त्यामुळे धड ताणलं जातं, आणि तो ताण सुटताना खांदे, मग हात, मग बॅट असा वेग वाढत जातो. बेसबॉलमधल्या टेड विल्यम्सने १९४१ साली .४०६ ची सरासरी गाठली. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर पूर्ण मोसमात कुणीही .४०० पार केलेलं नाही. तोही हेच सांगत राहिला की कंबर पुढे, हात तिच्या मागून. आपल्याकडे तालमीत ढाक मारणारा पैलवान पाहा. कंबर आत घालून फिरवल्याशिवाय नुसत्या हातांनी समोरचा उचलला जात नाही.

आता सराव. बॅट पाठीमागे कमरेच्या रेषेत आडवी धरा आणि दोन्ही कोपरांच्या खोबणीत अडकवा. हात असे बांधले गेले की फिरायला कंबरच उरते. भिंतीवर खडूने फुली काढा, तिच्याकडे डावी कूस करून उभ्या राहा आणि बेंबी फुलीवर येईपर्यंत फिरा. मागची टाच उचलली जाते, पुढचा पाय ताठ होऊन अंगाला थोपवतो. मागचा पाय जागच्या जागी जमिनीवर घासत फिरवायला सांगतात, ते मला पटत नाही. त्याने वजन मागेच अडकून राहतं.

फिरण्याऐवजी पुढे सरकणं, ही सगळ्यात चिवट खोड. त्यासाठी पुढचा पाय टाकून झाला की कमरेच्या पुढच्या अंगाला चार बोटांवर प्लास्टिकची खुर्ची ठेवावी. खुर्ची ढकलली गेली तर कंबर सरकली. मुलीला ते स्वतःलाच कळतं, मधे कुणाला बोलावं लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र मी ट्यूबला देतो. ट्यूब कमरेभोवती घालायची आणि जोडीदारणीने मागून ताणून धरायची. ती ‘एक’ म्हणाली की पाय टाकायचा आणि थांबायचं. हात मागच्या खांद्यापाशीच. ‘दोन’ म्हणाली की ट्यूबच्या ओढीविरुद्ध कंबर फिरवायची. सुरुवातीला दोनच्या आधीच हात निसटतात, जवळजवळ प्रत्येकीचे. घाई करू नका. एक आणि दोन यांच्यातलं अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायचं, शेवटी मोजणी सोडून द्यायची. मग जुन्या मोज्यांचा गोळा बाजूने हलकेच उडवून मारायला द्यावा. काचाही फुटत नाहीत.

कंबर आणि खांदे सुटे करायला आसनंही कामी येतात. लोणावळ्यातच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. आसनांना शाळेच्या व्यायामात जागा मिळावी, हा त्यांचा ध्यास होता. वक्रासनात बैठक जमिनीवर स्थिर ठेवून धड पिळायचं असतं. कंबर आणि खांदे वेगवेगळे हलू शकतात, हे मुलीला तिथे शांतपणे उमगतं. म्हणून सरावाआधी वक्रासन मी सोडत नाही.

एक काळजी मात्र घ्या. फिरणं खुब्याच्या सांध्यात व्हायला हवं. पाठीच्या खालच्या भागातले मणके फार थोडे वळतात. त्यांना जबरदस्तीने पिळलं तर वाढत्या वयात दुखणं मागे लागतं. तिथे कळ आली की त्या दिवशीचा सराव बंद.

शाळांना एक विनंती. लांबच्या गावांतून येणाऱ्या मुलींना शाळा सुटताच एसटी किंवा लोकल गाठायची असते. त्यामुळे हा सराव शाळा सुटल्यावर ठेवला तर नेमक्या त्याच गळतात. तो खेळाच्या तासातच घ्या. पावसामुळे तो तास एरवी रिकामाच जात असतो.