टिकाऊ यंत्र कोणासाठी?

(शिरगाव, बदलापूर येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)

आजच्या वर्गाचा विषय लॅपटॉप आहे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर भरू लागली, तेव्हापासून ही केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. आपल्या चाळींतून ती हप्त्यांवर घेतली जाते.

माझ्या सहा वर्षे वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी फुगली. बाकी सारे शाबूत होते. केंद्रावर सांगण्यात आले की, बॅटरी कळफलकाच्या भागाला चिकटवलेली असल्यामुळे तो सबंध भागच बदलावा लागेल. खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक!

उत्पादकांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. रॅम खाचेत न बसवता बोर्डावर डाख देऊन जोडली, तर ती हादऱ्याने सैल होण्याचे भय उरत नाही. यंत्र टिकाऊ होते. परंतु हा टिकाऊपणा सरासरीचा आहे. समजा, शंभरांत दोनच यंत्रे बिघडली. लाखो यंत्रे विकणाऱ्या कंपनीला हा हिशेब पुरतो. ज्या घरात एकच यंत्र आहे, त्या घरापुरता बिघाड मात्र पुरा शंभर टक्के असतो. श्रीमंत दुसरे यंत्र घेतो. गरिबाचा विमा म्हणजे दुरुस्ती, आणि नेमकी तीच डाख देऊन बंद केली जाते. शिवाय लिथियमची बॅटरी रासायनिक कारणांनी झिजणारच, बांधणी कितीही भक्कम असो.

१९२४ साली बड्या दिवा-उत्पादकांनी फीबस हा संघ स्थापून बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणले होते. आज तशा कराराचीही गरज उरलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबला आणि धडधाकट यंत्रेही एका दिवसात म्हातारी ठरली.

फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण दर्शविणे सक्तीचे केले. आपल्या केंद्र सरकारच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, पण आरंभ स्मार्टफोन व टॅब्लेटपासून सुचविला. लॅपटॉप का वगळला? आणि नुसते गुण छापूनही भागणार नाही. सुटे भाग व माहितीपत्रके लॅमिंग्टन रोडवरच्या, उल्हासनगरच्या कारागिरालाही रास्त दरात मिळाली पाहिजेत.

माझी बॅटरी अखेर अशाच एका तरुणाने बदलून दिली. हमी मागितली तेव्हा तो म्हणाला, "सर, हा भाग कुठून आला ते मलाच ठाऊक नाही, हमी कशाची देऊ?"